रस्ता वळवळतो, तारांना पायऱ्या पडतात: १०८०पी मॉनिटरवर चित्र शांत कसं करायचं?

पामबीच (नेरूळ)

मशीन असं आहे: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, २७ इंची १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. टेबल अरुंद असल्याने डोळ्यापासून स्क्रीन जेमतेम ६० सेंमी.

तीन गेम, तीन तऱ्हा. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये विजेच्या तारा आणि रस्त्याकडेची कुंपणं तुटक दिसतात, ट्रक चालू झाला की चमचमतात, आणि पुढचा डांबरी रस्ता सतत वळवळत राहतो. जीटीए ५ च्या २०१५ वाल्या आवृत्तीत एमएसएए ४ एक्स (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) लावूनही गवत नि पानं खरखरीतच, वर फ्रेमरेट धाडकन खाली. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये टीएए (मागच्या फ्रेम मिसळून कडा मऊ करणारी पद्धत) चालू ठेवलं तर सगळं धुरकट, बंद केलं तर केस आणि झाडं दाणेदार.

सध्याची सेटिंग: एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधून अँटीअलायझिंग (कडांच्या पायऱ्या पुसणं) ८ एक्स सक्तीने लावलंय, फरक शून्य. इमेज शार्पनिंग चालू आहे, ५० टक्क्यांवर. प्रोफाइल इन्स्पेक्टरमध्ये (ड्रायव्हरची लपलेली सेटिंग बदलायचं टूल) एलओडी बायस (पृष्ठभागावरच्या चित्राची किती मोठी प्रत घ्यायची ते ढकलणारा आकडा) उणे १.५, एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (रस्त्यासारखे तिरके पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारं) गेमवर सोडलंय.

नवीन कार्ड घ्यायचं नाहीये. आहे त्यात काय काय होऊ शकतं?

---

येऊर (ठाणे प.)

काहीही नवीन लावण्याआधी दोन गोष्टी काढा: तो उणे १.५ आणि ते शार्पनिंग. रस्ता वळवळण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

प्रत्येक टेक्स्चरच्या, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राच्या, लहान लहान प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात, त्या मिपमॅप. प्रत्येक पुढची प्रत लांबी-रुंदीला निम्मी. १०२४, मग ५१२, मग २५६, असं १ पर्यंत. सगळ्या प्रतींना मिळून मूळ टेक्स्चरच्या एक तृतीयांश एवढी जादा मेमरी लागते. पृष्ठभाग जसा दूर जातो तसं कार्ड लहान प्रत निवडतं, म्हणजे एका पिक्सेलवर साधारण एक टेक्सेल (टेक्स्चरचा एक ठिपका) येतो. उणे बायस दिला की कार्ड मुद्दाम मोठी प्रत उचलतं. उणे १ म्हणजे एका पिक्सेलच्या जागेत ४ टेक्सेल, उणे १.५ म्हणजे सुमारे ८. पिक्सेलला दाखवायचा असतो एकच रंग, आणि फिल्टर वाचतो त्या आठांतले मोजकेच. कॅमेरा केसभर हलला की वेगळेच टेक्सेल वाचले जातात, रंग बदलतो, आणि तुम्हाला रस्ता वळवळताना दिसतो. स्क्रीनशॉटमध्ये मात्र हेच चित्र झकास धारदार दिसतं. व्हिडिओवाले बहुधा स्क्रीनशॉटच दाखवतात.

हा आकडा आला कुठून, तर अपस्केलरांकडून, म्हणजे लहान काढलेलं चित्र मोठं करणाऱ्यांकडून. एफएसआर २ किंवा डीएलएसएस वापरताना गेम आतून कमी रेझोल्यूशनवर चालतो, म्हणून मिप बायस मुद्दाम उणे ठेवतात. एफएसआर २ च्या क्वालिटी मोडला तो उणे १.५८ च्या आसपास येतो. पण तिथे प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाने सरकवून मागच्या फ्रेमचे नमुने पुढच्यात मिसळले जातात, त्यामुळे ते जादा टेक्सेल सरासरीत जिरतात. मिसळणारं कोणी नसेल तर तोच आकडा नुसती चमचम देतो.

आता कंट्रोल पॅनेलमध्ये, मॅनेज थ्रीडी सेटिंग्जखाली: अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ एक्स. टेक्स्चर फिल्टरिंग क्वालिटी ‘हाय क्वालिटी’. अॅनिसोट्रॉपिक सॅम्पल ऑप्टिमायझेशन बंद. निगेटिव्ह एलओडी बायस ‘क्लॅम्प’ करा, पण नव्या गेमवर त्याचा भरवसा नको, तो जुन्या डीएक्स ९ आणि ओपनजीएलसाठीच (डीएक्स, ओपनजीएल, व्हल्कन हे गेमने कार्डाशी बोलायचे मार्ग). डीएक्स १२ आणि व्हल्कनच्या गेममध्ये अॅनिसोट्रॉपिकसुद्धा गेमच्या मेनूतूनच १६ एक्स करा, ड्रायव्हरचं तिथे चालत नाही. ३०६० वर १६ एक्सची किंमत नगण्य आहे, घाबरू नका.

ते सक्तीचं ८ एक्स अँटीअलायझिंग ‘अॅप्लिकेशन कंट्रोल्ड’ वर परत आणा. डीएक्स ९ च्या काळातल्या गेमवर ते चालायचं. डीएक्स ११ आणि त्यापुढच्या बहुतेक गेमना ते लागूच होत नाही.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतलं ‘शार्पनेस’ पण बघा. कंपनीगणिक मधला आकडा वेगळा असतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं उघडा आणि अक्षरांभोवतीची फिकट किनार जाईपर्यंत आकडा खाली आणा.

---

खाडीपूल (वाशी)

येऊर यांना +१. पण रस्ता शांत झाला तरी तारा आणि गवत राहणार, कारण तो आजारच वेगळा. सगळ्याला ‘जॅगीज’ म्हणून एकच औषध दिलं की असं होतं.

ओळखायची रीत सोपी आहे. गेममध्ये एका जागी उभे राहा, कॅमेरा अजिबात हलवू नका, मग अगदी सावकाश फिरवा. स्थिर असतानाच छपराच्या कडेला किंवा तारेला पायऱ्या दिसत असतील तर ती भूमितीची कड. स्थिर असताना ठीक आणि हलवल्यावर पृष्ठभागाच्या आत वळवळ, तर मिप किंवा फिल्टरिंग. ओल्या रस्त्यावर, गाडीच्या बॉनेटवर ठिपके लुकलुकत असतील तर स्पेक्युलर, म्हणजे चकाकी. कुंपण, पानं, गवत यांची कड खरखरीत असेल तर अल्फा टेस्ट. आणि टीएए बंद केल्यावरच केसांत दाणे येत असतील तर ती डिदरिंग, म्हणजे अर्धपारदर्शक भासावं म्हणून काही पिक्सेल गाळणं, मुद्दाम केलेलं.

एमएसएए यातलं फक्त पहिलं बरं करतं. ४ एक्स म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये चार ठिकाणी त्रिकोण आत आहे की बाहेर हे तपासलं जातं, पण रंग मात्र त्या त्रिकोणासाठी पिक्सेलमागे एकदाच काढला जातो. कडेवर चार नमुन्यांची सरासरी मिळते, त्रिकोणाच्या आत काहीच बदलत नाही. गवताचं पातं गेमच्या लेखी पातं नसतंच. एक चौकोन असतो आणि त्यावर पात्यांचं चित्र. कुठला पिक्सेल दाखवायचा, कुठला टाकायचा हे शेडर (पिक्सेलचा रंग काढणारा छोटा प्रोग्राम) अल्फा (पारदर्शकता) बघून ठरवतो, तेही पिक्सेलला एकदाच, हो किंवा नाही. त्यामुळे एमएसएएला ती कड दिसतच नाही. गेम बनवणाऱ्यांनी अल्फा-टू-कव्हरेज (अल्फा बघून त्या चार नमुन्यांतले काहीच भरायचे) वापरलं असेल तर गोष्ट निराळी, पण ते आपल्या हातात नाही.

दूरची जाळी मध्येच गायब होते तेही याच कारणाने. लहान मिपमध्ये तार आणि भोक यांची सरासरी होते, अल्फा ठरलेल्या मर्यादेखाली जातो आणि शेडर तो पिक्सेल टाकून देतो. जरा जवळ गेलात की मोठी मिप येते, जाळी परत. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर सरकवल्या की त्यांवर जशा लाटा उठतात तशा लाटा दूरच्या कुंपणावर दिसतात. तिथे जाळीची वीण आणि तुमच्या स्क्रीनची पिक्सेलची वीण एकमेकींवर चढलेली असते.

जीटीएचा फ्रेमरेट का कोसळला? डीफर्ड पद्धतीच्या इंजिनात रंग, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा), चकाकी, खोली असे पाचेक पडदे आधी भरले जातात आणि प्रकाशाचा हिशोब नंतर होतो. १०८०पी ला पिक्सेलमागे ४ बाइटचा एक पडदा साधारण ८ एमबी, पाच मिळून ४० च्या आसपास. ४ एक्स एमएसएए लावलं की ते १६० वर जातात आणि फ्रेममागे कितीदा तरी वाचले-लिहिले जातात. मेमरीत १२ जीबी आहे हो, पण इथे अडतं ते मेमरीच्या वेगाशी. त्यात गवत ‘अल्ट्रा’ वर असेल तर बघायलाच नको. गवत ‘हाय’ वर आणा, एमएसएए बंद करा, एफएक्सएए चालू ठेवा आणि अॅडव्हान्स्ड ग्राफिक्समधलं ‘फ्रेम स्केलिंग मोड’ ३/२ वर न्या. आतून २८८० × १६२० होतं. गवतासकट सगळ्याला जादा नमुने मिळतात, आणि नकाशा-अक्षरं मूळ रेझोल्यूशनवरच राहतात. मार्च २०२५ मध्ये आलेली एन्हान्स्ड आवृत्ती पीसीवर जुन्या मालकांना फुकट आहे, तिच्यात डीएलएसएस आहे. एसएसडीवर जागा असेल तर सरळ तीच घ्या.

स्पेक्युलर चमचमीला खेळणाऱ्याच्या हातात दोनच उपाय: जादा नमुने, किंवा काळावर पसरलेले नमुने, म्हणजे टीएए आणि त्याची भावंडं. एफएक्सएए, एसएमएए तयार चित्रावर कडा शोधून पुसतात. एका फ्रेमपुरतं ठीक. पण पुढच्या फ्रेममध्ये ठिपका दुसरीकडे असला तर ते तोही इमानदारीत पुसतात, लुकलुक तशीच.

---

पामबीच (नेरूळ)

खूप आभार. बायस शून्य आणि शार्पनिंग बंद केल्यावर रस्ता जवळजवळ स्थिर झाला. पहिले काही मिनिटं चित्र मऊ वाटलं, पण चालेल. ट्रकमधल्या तारा आणि कुंपणं मात्र आहेत तशीच. रेड डेडचं धुरकटपण पण.

डीएलडीएसआर म्हणजे नक्की काय आणि ३०६० ला झेपेल का? की १४४०पी मॉनिटरच घेऊ? आणि एक, खोलीत एसी नाही. मे महिन्यात कार्ड पूर्ण ताकदीने चालवायची भीती वाटते.

---

ऐरोली_नाका

डीएलडीएसआर म्हणजे गेम मॉनिटरपेक्षा मोठ्या रेझोल्यूशनवर काढायचा आणि ड्रायव्हरने तो एआयच्या मदतीने परत लहान करायचा. झेपेल, पण गेम बघून.

कंट्रोल पॅनेल, मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, डीएसआर फॅक्टर्स. यादीत वरच्या बाजूला डीएल असं लिहिलेले दोन पर्याय आहेत, १.७८ एक्स आणि २.२५ एक्स. आरटीएक्स कार्डांनाच मिळतात, २०२२ पासून. २.२५ वर टिक करा. हा आकडा एकूण पिक्सेलचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीडपट: २८८० × १६२०. खाली ‘स्मूदनेस’ मुळात ३३ टक्के असतं. डीएलडीएसआरमध्ये हा आकडा कमी केला की धार वाढते. शून्यावर तर कडांभोवती पांढरी रेघ उमटते. ५० पासून सुरू करा, डोळ्याला पटेल तिकडे सरकवा. अप्लाय केल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते, तसं व्हायचंच.

मग गेममध्ये फुलस्क्रीन निवडून २८८० × १६२० लावा. गेमला फक्त बॉर्डरलेस येत असेल तर ते रेझोल्यूशन त्याच्या यादीत दिसणारच नाही. आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डेस्कटॉपच तेवढा करा, मग गेम उघडा. खेळून झाल्यावर डेस्कटॉप परत १०८०पी वर आणायला विसरू नका, नाहीतर अक्षरं बारीक आणि मऊ दिसतात.

रेड डेडसाठी खरी गंमत पुढे आहे. गेम २८८० × १६२० वर ठेवा आणि डीएलएसएस ‘क्वालिटी’ लावा. क्वालिटी म्हणजे प्रत्येक बाजूला दोन तृतीयांश, म्हणजे गेम आतून बरोबर १९२० × १०८० काढतो. डीएलएसएस ते १६२० पर्यंत नेतं, डीएलडीएसआर परत १०८० वर आणतं. शेडिंगचा खर्च साध्या १०८०पी एवढाच, वर त्या दोघांची मजुरी. केस, पानं, तारा टीएएपेक्षा स्पष्ट राहतात. टीएए नुसतं बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. त्या गेमचे केस आणि झाडं डिदरिंगनेच रंगवलेली आहेत, फ्रेम मिसळणारं काहीतरी असेल हे धरून. एमएसएए लावून ते दाणे जात नाहीत.

१०८०पी वर सरळ डीएलएसएस क्वालिटी लावलंत तर आतून १२८० × ७२० होतं. २७ इंचावर ते लगेच कळतं. ज्या गेममध्ये डीएलएए आहे तिथे ते घ्या, आतून पूर्ण १०८०. एनव्हीडिया अॅपमध्ये ग्राफिक्स टॅबखाली ‘डीएलएसएस ओव्हरराइड, मॉडेल प्रीसेट्स’ आहे. गेम त्यांच्या यादीत असेल तर तिथे ‘लेटेस्ट’ निवडा. २०२५ च्या जानेवारीत आलेलं ट्रान्सफॉर्मर मॉडेल ३०६० वरही चालतं, फ्रेम थोडे जातात, पण हलत्या चित्रात मागे उरणारी सावली बरीच कमी होते. डीएलएल फाइल हाताने बदलायची युक्ती ऑनलाइन गेममध्ये करू नका. अँटीचीट ती फाइल ओळखत नाही, गेम उघडणार नाही किंवा खातं गोत्यात येईल.

युरो ट्रकमध्ये स्केलिंग ४०० टक्के म्हणजे दोन्ही बाजूंना दुप्पट, आतून ३८४० × २१६०. सोबत एसएमएए. हा गेम बऱ्याचदा सीपीयूच्या एका धाग्यावर अडतो आणि कार्ड रिकामं बसलेलं असतं. कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या खाली दिसत असेल तर स्केलिंग वाढवायला जागा आहे. नसेल तर ४०० वरून एकेक पायरी खाली या. पण ४०० टक्के आणि डीएलडीएसआर २.२५ एकत्र लावू नका, दोन्हींचा गुणाकार होतो. नऊपट पिक्सेल! आणि मग लोक म्हणतात ३०६० निकामी आहे.

---

माजिवडा_जंक्शन (ठाणे)

मी जरा वेगळं बोलतो. हे सगळं खरं, पण २७ इंचावर १०८०पी हीच मूळ अडचण आहे.

हिशोब बघा. २७ इंची १०८०पी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, एक पिक्सेल ०.३१ मिमी. चांगल्या डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिट एवढा तपशील दिसतो, म्हणजे हा पिक्सेल दिसेनासा व्हायला १०७ सेंमी लांब बसावं लागेल. तुम्ही ६० वर बसलाय. २४ इंची १०८०पी ला तेच अंतर ९५ सेंमी, २७ इंची १४४०पी ला ८० सेंमी. १४४०पी वरही ६० सेंमीवरून पायऱ्या दिसतीलच, पण सव्वा-दीड पट बारीक. टीएएचं धुरकटपण तर पिक्सेल मोठे असले की जास्तच जाणवतं, कारण तो धूर एक-दोन पिक्सेल रुंद असतो.

भिंतीला क्लॅम्प मारून मॉनिटर आर्मवर घ्या, टेबल अरुंद असलं तरी १५ सेंमी मागे जातो. मॉनिटरपेक्षा हा खर्च किती तरी कमी.

मॉनिटर घ्यायचाच असेल तर वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडला दुकानात चालू मॉनिटर समोर बसून बघा, ६० सेंमी मोजून. आणि एक जागा सांभाळा: डीएससी (केबलमधून चित्र दाबून पाठवणं) वापरणारा मॉनिटर घेतलात, म्हणजे साधारणतः ४के आणि वर चढा रिफ्रेश रेट, तर ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांवर डीएसआर-डीएलडीएसआरचे पर्याय गायब होतात. काही मॉनिटरच्या मेनूत डीएससी बंद करता येतं, काहींच्या नाही. दुकानदाराला हे बहुधा ठाऊक नसतं, मॅन्युअल उघडून बघा.

---

खाडीपूल (वाशी)

@माजिवडा, मॉनिटरचा मुद्दा मान्य, पण १४४०पी मूळचं आणि १०८०पी वर १.७८ एक्स, दोन्हीत कार्डाला काढायचे पिक्सेल तेवढेच, सुमारे ३७ लाख. १४४०पी मॉनिटर घेतला की तो भार कायमचा, रोजचा. ३०६० वर नवे गेम मग डीएलएसएस बॅलन्स्डवर आणावे लागतात. डीएलडीएसआर जुन्या-हलक्या गेमपुरतं चालू ठेवून जड गेमला बंद करता येतं. कार्ड बदलायचं नाही म्हणतायत, तर आधी आर्म, मग डीएलडीएसआर, मॉनिटर शेवटी.

जुनी कार्डं किंवा एएमडीवाले वाचत असतील तर: एएमडीच्या अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हर्च्युअल सुपर रेझोल्यूशन’ चालू केलं की १०८०पी मॉनिटरवर १४४०पी आणि त्यावरचे पर्याय मिळतात. आकार कमी करताना ते साधं गाळतं, पण पायऱ्यांना तेवढं पुरतं. एफएसआर ३ असलेल्या काही गेममध्ये ‘नेटिव्ह एए’ मोड असतो, तो डीएलएएचा भाऊ.

---

येऊर (ठाणे प.)

उष्णतेचं राहिलं.

३०६० ची मर्यादा १७० वॅट. सुपरसॅम्पलिंग (हेच सगळं जादा पिक्सेल काढणं) लावून फ्रेमरेट मोकळा सोडला की ती सतत १७० वरच बसणार. आधी ड्रायव्हरमध्ये मॅक्स फ्रेमरेट बांधा. ट्रकला ६० पुरे, बाकीच्यांना ७२, म्हणजे १४४ चा बरोबर निम्मा. ६० च्या खाली मात्र टीएए किंवा डीएलएसएसवाल्या गेमना जाऊ देऊ नका. ते मागच्या फ्रेमवर जगतात. दोन फ्रेममधलं अंतर वाढलं की दृश्य जास्त सरकलेलं असतं, जुने नमुने निरुपयोगी होतात आणि गाडीमागे, पक्ष्यांमागे शेपटं दिसतात.

त्यावर एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा, १३६ वॅट. फ्रेम थोडेसेच जातात, कारण शेवटच्या वीस टक्के विजेतून मिळणारा वेग फार नसतो. फ्रेम बांधल्याने भार सरासरी ५० वॅटने जरी उतरला, तरी रोज चार तास खेळणाऱ्याचे महिन्याला ६ युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात ते किरकोळ, पण बंद खोलीत ५० वॅटचा दिवा कमी जळतोय हे मे महिन्यात कळतं. खोली पाच अंशांनी तापली तर कार्डही साधारण तेवढंच चढतं, तेव्हा उन्हाळ्यात आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी ताडू नका.

आणि तपासताना एका वेळी एकच सेटिंग बदला. त्याच जागेवर, त्याच वेळेच्या प्रकाशात, कॅमेरा सावकाश फिरवत. इथे दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट नको, वळवळ त्यात दिसत नाही. १०८०पी ६० फ्रेमची दहा सेकंदांची फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, पण डाउनलोड करून बघा म्हणून लिहा. व्हिडिओ साइटवर चढवलेल्या क्लिपचं कॉम्प्रेशन नेमका तोच बारीक तपशील खाऊन टाकतं.

---

पामबीच (नेरूळ)

रेड डेड २८८० × १६२० + डीएलएसएस क्वालिटी, स्मूदनेस ५०: केस, तारा दोन्ही नीट, धूर जवळपास गेला. ट्रकला ४०० टक्क्यांवर कार्ड ९५ च्या वर जातंय, म्हणून एक पायरी खाली ठेवलंय. तिथे दूरच्या जाळ्या अजून जराशा लुकलुकतात.

---

ऐरोली_नाका

तेवढ्या लुकलुकणारच. ट्रकमध्ये आरशांची क्वालिटी आणि आरशातलं अंतर ही वेगळी सेटिंग आहेत. प्रत्येक आरसा म्हणजे दृश्य पुन्हा एकदा काढणं. ती दोन्ही एकेक पायरी उतरवा, सावल्याही ‘हाय’ वर आणा, आणि सुटलेल्या ताकदीत स्केलिंग परत ४०० वर बसतंय का बघा.